सोडियम ११२, कॉर्टिसोल ‘नॉर्मल’: एका रुग्णाचे प्रकरण

५८ वर्षांच्या एका स्त्रीला तीन दिवसांचा ताप, खोकला व उलट्या आणि आदल्या रात्रीपासून वाढत गेलेली गुंगी यांमुळे रुग्णालयात दाखल करण्यात आले. हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नसून अशा रुग्णांमध्ये वारंवार आढळणाऱ्या गोष्टी एकत्र करून अध्यापनासाठी रचलेले आहे, आणि त्यातील आकडेही त्याच हेतूने घेतले आहेत. दाखल होताना त्या हाक मारल्यावर डोळे उघडत होत्या, पण वार आणि ठिकाण त्यांना सांगता येत नव्हते. ताप ३८.२ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला ८४, रक्तदाब ९६/६० आणि वजन ४८ किलो होते. पायांवर सूज नव्हती, जीभ फारशी कोरडी नव्हती आणि छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात न्यूमोनियाचा डाग दिसत होता. रक्तदाबाचे किंवा लघवी वाढवणारे कोणतेही औषध त्या घेत नव्हत्या.

रक्तातील सोडियम ११२ मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे फारच कमी आले, पोटॅशियम ४.१, क्रिएटिनिन ०.६ मिलिग्रॅम आणि युरिक आम्ल २.६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. रक्तशर्करा ६४ मिलिग्रॅम होती, जी उलट्या आणि उपासमारीच्या खात्यावर टाकण्यात आली. रक्ताची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे विरघळलेल्या कणांची दाटी, २३६ आणि लघवीची ४१० होती, तर लघवीतील सोडियम ६२ मिलिमोल प्रति लिटर होते. रक्त इतके पातळ झालेले असताना निरोगी मूत्रपिंडाने जवळजवळ पाण्यासारखी, म्हणजे १०० पेक्षा कमी ऑस्मोलॅलिटीची लघवी तयार करायला हवी. येथे ती चौपट दाट होती. याचा अर्थ असा, की मूत्रपिंडाला पाणी अडवून ठेवण्याचा आदेश अजून मिळत होता आणि तो आदेश देणारे संप्रेरक, अँटिडाययुरेटिक हॉर्मोन ऊर्फ व्हॅसोप्रेसिन, थांबायला हवे तेथे थांबलेले नव्हते.

न्यूमोनिया, अंगात पाण्याची उघड कमतरता नाही, सूज नाही, लघवी दाट आणि तिच्यात सोडियम भरपूर. इतके जुळल्यावर केसपेपरवर पहिले निदान एसआयएडीएच असे लिहिले गेले, म्हणजे अँटिडाययुरेटिक हॉर्मोन अस्थानी स्रवण्याचा विकार. थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक टीएसएच २.८ आल्याने थायरॉइडचा प्रश्नही निकाली निघाला असे मानण्यात आले. गुंगी लक्षात घेऊन ३ टक्के सलाईनचे १०० मिलिलिटरचे दोन डोस देण्यात आले, ज्यांनी सहा तासांत सोडियम ११६ वर गेले आणि रुग्ण बऱ्यापैकी भानावर आली. येथपर्यंतचे उपचार चोख होते. मेंदूला सूज आल्याची लक्षणे असताना सोडियम ४ ते ६ मिलिमोलने वाढवणे हे पहिल्या काही तासांचे उद्दिष्ट असते आणि ते साधले गेले होते. त्यानंतर प्रतिजैविके सुरू करून पिण्याचे पाणी दिवसाला एक लिटरवर आणण्यात आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोडियम पुन्हा ११४ वर उतरले होते आणि रक्तदाब ८४/५२ झाला होता. एसआयएडीएचच्या रुग्णाचा रक्तदाब सहसा पडत नाही, कारण त्याच्या शरीरात पाणी कमी नसते, थोडे जास्तच असते. न्यूमोनियाच्या रुग्णाचा रक्तदाब पडला की जंतुसंसर्गाकडे बोट दाखवणे साहजिक असते आणि ते चुकीचेही नसते. मात्र ज्या रुग्णाचा रक्तदाब घसरतो आहे त्याचेच पाणी तोडायचे, ही विसंगती ज्या क्षणी केसपेपरवर उतरते त्या क्षणी मूळ निदानाकडे परत जायला हवे.

कॉर्टिसोलचा अहवाल

एसआयएडीएचचे निदान करण्यापूर्वी कॉर्टिसोल, म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींचे आजारपणात शरीराला सावरणारे संप्रेरक, पाहावे या नियमानुसार सकाळी आठ वाजता नमुना पाठवलेला होता. अहवाल ६.१ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर असा आला. शेजारी प्रयोगशाळेची मर्यादा ५ ते २५ अशी छापलेली होती आणि आकड्यापुढे कोणतीही खूण नव्हती. ‘कॉर्टिसोल नॉर्मल, एसआयएडीएच निश्चित’ अशी नोंद झाली. या प्रकरणात शिकण्यासारखे जे आहे त्यातले बरेचसे या एका नोंदीत आहे.

५ ते २५ ही मर्यादा सकाळी स्वस्थपणे प्रयोगशाळेत आलेल्या निरोगी माणसांची असते. ताप, उलट्या, कमी रक्तदाब आणि ६४ रक्तशर्करा यांपैकी प्रत्येक गोष्ट ही अॅड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसोल वाढवण्याची सूचना असते, आणि अशा अवस्थेतील रुग्णाचे कॉर्टिसोल साधारण १८ च्या वर, पुष्कळदा त्याहूनही बरेच जास्त सापडते. दिवसातल्या वेळेनुसार होणारा चढउतारही गंभीर आजारात पुसट होतो, त्यामुळे तेथे ‘नमुना कधी घेतला’ यापेक्षा ‘रुग्ण त्या वेळी किती आजारी होता’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सकाळचा आकडा ३ च्या खाली असेल तर कमतरता जवळजवळ नक्की धरली जाते. ३ आणि १५ यांच्या मधला आकडा स्वस्थ माणसात अनिर्णित असतो, पण रक्तदाब ८४ असलेल्या माणसात तो अनिर्णित राहत नाही. ६.१ हा आकडा निरोगी माणसासाठी ठीक होता आणि या रुग्णासाठी अपुरा.

असा अर्थ लावताना दोन-तीन गोष्टी तपासून पाहाव्या लागतात. रक्तातील ९० टक्क्यांहून अधिक कॉर्टिसोल प्रथिनांना बांधलेले असते आणि नेहमीची चाचणी बांधलेले व मोकळे असे दोन्ही मिळून मोजते. अतिदक्षता विभागातल्या, अल्ब्युमिन फार खाली गेलेल्या रुग्णात एकूण आकडा कमी आला तरी मोकळे कॉर्टिसोल पुरेसे असू शकते. याउलट इस्ट्रोजेनयुक्त गोळ्या घेणाऱ्या स्त्रीमध्ये बांधणारे प्रथिन वाढल्यामुळे आकडा फसवा उंच दिसतो. या रुग्णाचे अल्ब्युमिन ३.४ ग्रॅम होते, म्हणजे ६.१ या आकड्याचे खापर प्रथिनांवर फोडता येत नव्हते. रुग्णाने आधी कोणते स्टेरॉइड घेतले आहे का, हेही विचारावे लागते. प्रेडनिसोलोन अनेक चाचण्यांमध्ये कॉर्टिसोल म्हणून मोजले जाते, तर डेक्सामेथासोन मोजले जात नाही. पण दोन्ही दीर्घकाळ घेतल्यास स्वतःची ग्रंथी निद्रिस्त होते. दम्याचा पंप, सांध्यात घेतलेली इंजेक्शने आणि त्वचेची मलमे यांनीही असे घडू शकते आणि रुग्ण त्यांना ‘औषध’ समजतोच असे नाही, म्हणून त्यांची नावे घेऊन विचारणे बरे. या रुग्णाच्या बाबतीत यांपैकी काहीही नव्हते.

सत्तावीस वर्षांपूर्वीचे बाळंतपण

दुपारच्या फेरीत वरिष्ठ डॉक्टरांनी रुग्णाच्या थोरल्या बहिणीला विचारलेले प्रश्न सोडियमशी संबंध नसलेले वाटावेत असे होते. शेवटचे बाळंतपण २७ वर्षांपूर्वी झाले होते, त्या वेळी खूप रक्तस्राव होऊन रक्त चढवावे लागले होते, बाळाला पाजण्यासाठी दूध आलेच नव्हते आणि त्यानंतर पाळीही कधी आली नव्हती. ‘पाळी लवकर गेली’ एवढ्यावर ते प्रकरण तेव्हा संपले होते. अलीकडची काही वर्षे थकवा, थंडी सहन न होणे आणि भूक मंदावणे हे वयाच्या नावावर खपले होते. तपासणीत काखेतील केस जवळजवळ नव्हते, चेहऱ्याची त्वचा फिकट होती आणि तिच्यावर बारीक सुरकुत्या होत्या.

मेंदूच्या तळाशी असलेली आणि अॅड्रिनलसह इतर ग्रंथींना आदेश देणारी पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी, ग्रंथी गर्भारपणात आकाराने वाढते, पण तिच्या पुढच्या भागाला रक्त मुख्यतः कमी दाबाच्या शिरांच्या जाळ्यातून मिळते. बाळंतपणात मोठा रक्तस्राव होऊन रक्तदाब कोसळला तर हा भाग रक्तावाचून मृत होऊ शकतो. हॅरोल्ड शीहान यांनी १९३७ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नष्ट होणारा भाग कमी-जास्त असतो. काहींमध्ये लक्षणे काही दिवसांत उघड होतात, पण पुष्कळ स्त्रियांमध्ये एवढी ग्रंथी शिल्लक राहते की रोजचे जगणे निभावते. आजारपणात लागणारी जादा कुमक मात्र तिच्यापाशी नसते. या रुग्णाचे कॉर्टिसोल २७ वर्षे कदाचित ५-६ च्या आसपासच असावे आणि एरवी ते पुरत असावे. न्यूमोनिया झाला तेव्हाही ते तेवढेच राहिले.

निदान पक्के करणारी सर्वांत स्वस्त तपासणी कोणती, असे विचारले तर मी एफएसएचचे, म्हणजे बीजांडकोशाला चालना देणाऱ्या पिट्युटरीच्या संप्रेरकाचे, नाव घेईन. ५८ वर्षांच्या, पाळी गेलेल्या स्त्रीचे एफएसएच २५ च्या बरेच वर असायला हवे, कारण बीजांडकोश उत्तर देईनासे झाल्यावर पिट्युटरी आपला आवाज चढवत जाते. येथे ते ३.२ होते. थायरॉइडचे रक्तातील मोकळे संप्रेरक, फ्री टी-फोर, ०.५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, म्हणजे स्पष्ट कमी आले. ज्या टीएसएचच्या २.८ या आकड्याने आदल्या दिवशी थायरॉइडचे प्रकरण मिटवले होते, तो आकडाच आता पुरावा ठरला: टी-फोर इतके खाली असताना निरोगी पिट्युटरीने टीएसएच कितीतरी वर नेले असते. अॅड्रिनलला कॉर्टिसोल बनवायला सांगणारे पिट्युटरीचे संप्रेरक एसीटीएच ९ पिकोग्रॅम होते, हेही छापील मर्यादेत आणि हेही त्या परिस्थितीत अपुरे. दूध आणणारे प्रोलॅक्टिनही कमी होते. पुढे केलेल्या एमआरआयमध्ये पिट्युटरीची खोबण बहुतांशी रिकामी दिसली. कॉर्टिसोल, एसीटीएच, टीएसएच आणि एफएसएच हे चारही आकडे एकेकटे पाहिले तर निरुपद्रवी वाटू शकतील असे होते.

कॉर्टिसोल नसल्याने सोडियम का उतरते

मेंदूतील हायपोथॅलॅमसमध्ये ज्या पेशी एसीटीएचला चालना देणारे सीआरएच बनवतात, त्यांच्यातील अनेक पेशी व्हॅसोप्रेसिनही बनवतात, आणि कॉर्टिसोल या दोहोंना लगाम घालते. कॉर्टिसोल कमी पडले की लगाम सुटतो, सीआरएचबरोबर व्हॅसोप्रेसिनही वाढते आणि रक्त कितीही पातळ झाले तरी ते खाली येत नाही. त्यात कॉर्टिसोलअभावी रक्तदाब आणि हृदयाचे कार्य मंदावले की रक्तवाहिन्यांमधील दाब जाणणारी केंद्रेही व्हॅसोप्रेसिन मागू लागतात. मूत्रपिंडाच्या संग्राहक नलिकांमध्ये अॅक्वापोरिन-२ नावाची जलद्वारे उघडी राहतात आणि प्यायलेले पाणी अंगात मुरते. या रुग्णात मळमळ ही व्हॅसोप्रेसिनची आणखी एक जबरदस्त उत्तेजना होती, न्यूमोनियाची भर निराळी, आणि अशक्तपणा म्हणून घरचे पाणी-सरबत सतत पाजत होते.

रक्त व लघवीच्या तपासण्यांवरून हे चित्र एसआयएडीएचपासून वेगळे काढता येत नाही याचे कारण असे, की मूत्रपिंडाच्या पातळीवर घडणारी घटना एकच असते. विल्यम श्वार्ट्झ, फ्रेडरिक बार्टर आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांवरून एसआयएडीएचचे वर्णन केले आणि पुढे निदानाचे जे निकष रूढ झाले त्यांत अॅड्रिनलचे कार्य नीट असल्याची अट आहे. ती अट बहुतेकांना पाठ असते. तिची पूर्तता झाली की नाही हे ठरवताना छापील मर्यादेकडे पाहिले जाते आणि तेथेच ती अट पोकळ होते.

अॅडिसनच्या विकाराशी या रुग्णाची तुलना उपयोगी पडते. थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिलेल्या त्या विकारात ग्रंथी स्वतःच नष्ट होते, म्हणून कॉर्टिसोलबरोबर सोडियम राखून पोटॅशियम बाहेर टाकणारे अल्डोस्टेरॉनही जाते. सोडियम लघवीवाटे वाहून जाते, पोटॅशियम साचते, अंगातले पाणी आटते आणि एसीटीएच वाढल्याने त्वचा व हिरड्या काळवंडतात. वाढलेले पोटॅशियम पाहिले की डॉक्टरांना अॅड्रिनलची आठवण होते, जरी त्या विकारातही प्रत्येक वेळी ते वाढलेले असतेच असे नाही. पिट्युटरी बिघडल्यास अल्डोस्टेरॉन शाबूत राहते, कारण त्याचे नियमन प्रामुख्याने रेनिन-अँजिओटेन्सिन यंत्रणेकडे आणि पोटॅशियमकडे असते. म्हणून या रुग्णाचे पोटॅशियम ४.१ होते, त्वचा काळवंडण्याऐवजी फिकट होती, आणि अॅड्रिनलची आठवण करून देणारी एकही ढोबळ खूण नव्हती. उपचारात अल्डोस्टेरॉनची जागा घेणाऱ्या फ्लुड्रोकॉर्टिसोनची गरज पडली नाही तीही याच कारणाने.

कॉर्टिसोल अति झाल्यास सोडियम उलट दिशेने जाते का, असा प्रश्न विद्यार्थी हटकून विचारतात. मूत्रपिंडातील एक एन्झाइम कॉर्टिसोलचे निष्क्रिय कॉर्टिसोनमध्ये रूपांतर करून अल्डोस्टेरॉनच्या ग्राहींना त्याच्यापासून वाचवते. कॉर्टिसोल फार वाढले की हे एन्झाइम अपुरे पडते, सोडियम अडवले जाते आणि पोटॅशियम घटते. तहान लागून पाणी पिता येत असल्यामुळे सोडियमचा आकडा मात्र फारसा चढत नाही. तो चढतो तो पाणी मागू न शकणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णात.

पहिल्या इंजेक्शननंतरचे तास

कॉर्टिसोल व एसीटीएचचे नमुने पुन्हा घेऊन, त्यांच्या अहवालांची वाट न पाहता, दुपारी एक वाजता हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे औषधरूपातील कॉर्टिसोल, १०० मिलिग्रॅम शिरेतून देण्यात आले आणि पुढे दर सहा तासांनी ५० मिलिग्रॅम ठरवण्यात आले. कृत्रिम एसीटीएच देऊन अॅड्रिनलचा प्रतिसाद पाहणाऱ्या सिनॅक्थेन चाचणीसाठी थांबणे येथे अक्षम्य ठरले असते. दोन तासांत रक्तदाब १०४/६६ झाला आणि वॉर्डमध्ये सुटकेची भावना पसरली. माझ्या मते रुग्णाच्या जिवाला आणि मेंदूला खरा धोका त्यानंतरच्या तासांत होता.

कॉर्टिसोल मिळताच व्हॅसोप्रेसिनवरचा लगाम परत आला, जलद्वारे मिटली आणि दिवसेंदिवस साठलेले पाणी एकदम सुटले. पाच वाजेपर्यंत लघवी तासाला ३०० मिलिलिटर होऊ लागली आणि तिची ऑस्मोलॅलिटी ९० वर आली. सायंकाळी सात वाजता सोडियम ११९ आणि नऊ वाजता १२१ झाले. म्हणजे आठ तासांत सात मिलिमोलची वाढ, तीही मिठाचे एकही सलाईन चालू नसताना. कित्येक दिवस कमी सोडियममध्ये राहिलेल्या मेंदूच्या पेशींनी आतले द्रव्यकण बाहेर टाकून स्वतःला जुळवून घेतलेले असते, आणि ते परत मिळवायला त्यांना काही दिवस लागतात. सोडियम त्याआधी चढले तर मज्जातंतूंवरील आवरण नष्ट होते, ज्याला ऑस्मोटिक डीमायलिनेशन म्हणतात, आणि त्याची लक्षणे, म्हणजे अडखळते बोलणे, गिळता न येणे, हातपाय लुळे पडणे, काही दिवसांनी दिसू लागतात. त्या मधल्या दिवसांत रुग्ण बरा झाल्यासारखा वाटतो, हा या आजाराचा कावा. कुपोषण, मद्यासक्ती, यकृताचे आजार, कमी पोटॅशियम आणि १०५ किंवा त्याहून कमी सोडियम असल्यास धोका वाढतो. ४८ किलो वजनाच्या, बरेच दिवस नीट न जेवलेल्या या रुग्णासाठी २४ तासांत ८ मिलिमोल ही कमाल मर्यादा धरलेली होती. या वेगाने ती रात्री अकराच्या आतच ओलांडली गेली असती.

परिस्थिती हातातून सुटली नाही, कारण इंजेक्शन देतानाच दर दोन तासांनी सोडियम आणि दर तासाला लघवीचे माप असा आदेश लिहिलेला होता, आणि सायंपाळीच्या परिचारिकेने दुसऱ्याच तासाच्या मोठ्या मापावर डॉक्टरांना फोन केला होता. लघवीचे माप हा येथे सर्वांत आधी बोलणारा इशारा असतो. सोडियमचा अहवाल त्याच्या मागून येतो. नऊ वाजता डेस्मोप्रेसिन २ मायक्रोग्रॅम शिरेतून देण्यात आले आणि ५ टक्के डेक्स्ट्रोज तासाला किलोमागे ३ मिलिलिटर, म्हणजे सुमारे १४४ मिलिलिटर वेगाने सुरू झाले. ज्या संप्रेरकाच्या अतिरेकाने सोडियम उतरले होते त्याचेच कृत्रिम रूप देणे अननुभवी डॉक्टरांना अवघड जाते, पण सुटलेले पाणी अडवण्याचा तो खात्रीचा मार्ग आहे. मध्यरात्रीपर्यंत लघवी तासाला ६० मिलिलिटरवर आली आणि डेक्स्ट्रोजचा वेग उतरवण्यात आला. हायड्रोकॉर्टिसोन मात्र एका डोसानेही थांबवले नाही. पाणी वेगाने सुटते म्हणून कॉर्टिसोल रोखणे म्हणजे मूळ आजार परत ओढवून घेणे होय. तिसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, चोवीस तास पूर्ण होताना, सोडियम १२० होते.

त्यानंतरचे दिवस संथ गेले. सोडियम चौथ्या दिवशी १२६, पाचव्या दिवशी १३१ आणि सहाव्या दिवशी १३५ झाले, पाण्यावरचे बंधन काढण्यात आले आणि हायड्रोकॉर्टिसोन तोंडावाटे सकाळी १० व दुपारी ५ मिलिग्रॅम इतके उतरवण्यात आले. थायरॉक्सिन, म्हणजे औषधरूपातील टी-फोर, पाचव्या दिवशी २५ मायक्रोग्रॅमपासून सुरू झाले. हा क्रम उलटा झाला असता, म्हणजे कमी टी-फोर पाहून कोणी पहिल्याच दिवशी थायरॉक्सिन दिले असते, तर शरीराचा चयापचय आणि कॉर्टिसोलचा निचरा दोन्ही वाढून अॅड्रिनलचे संकट ओढवण्याची शक्यता होती. सिनॅक्थेन चाचणी प्रकृती स्थिरावल्यावर, आदल्या दिवशीच्या सकाळपासून हायड्रोकॉर्टिसोन न देता, रुग्णालयातच देखरेखीखाली करण्यात आली. २५० मायक्रोग्रॅमच्या इंजेक्शनानंतर ६० मिनिटांनी कॉर्टिसोल फक्त ७.४ पर्यंत चढले. या चाचणीवर येथे विसंबता आले कारण विकार जुना होता आणि एसीटीएचअभावी अॅड्रिनल ग्रंथी सुकलेली होती. पिट्युटरीला इजा होऊन थोडेच दिवस झाले असतील तर अॅड्रिनल अजून ताजी असते आणि चाचणी खोटा दिलासा देते.

घरी जाताना रुग्णाला आणि बहिणीला सांगण्यात आले की ताप आल्यास हायड्रोकॉर्टिसोनचा डोस दुप्पट करावा, उलट्यांमुळे गोळी टिकत नसेल तर १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन स्नायूत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी, दात काढण्यापूर्वीसुद्धा, या औषधाची माहिती द्यावी. इंजेक्शन कसे भरायचे हे बहिणीकडून दोनदा करवून घेतले आणि निदान लिहिलेले कार्ड पर्समध्ये ठेवायला दिले. सहा आठवड्यांनी त्या चालत आल्या तेव्हा बोलणे व चाल स्वच्छ होती आणि सोडियम १३९ होते. फ्री टी-फोर अजून कमी असल्याने थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम करण्यात आले, आणि पुढील प्रत्येक भेटीत मात्रा टीएसएचवरून न ठरवता फ्री टी-फोरवरूनच ठरवावी, अशी ठळक नोंद त्यांच्या फाइलच्या पहिल्या पानावर करण्यात आली.